रान नसलेल्यांची येळवस

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात अण्णांनी स्वयंपाकघरातले कॅलेंडर खिळ्यावरून काढले, खिडकीच्या उजेडात नेले, बारीक अक्षरांवरून बोट फिरवत मार्गशीर्षाच्या शेवटापर्यंत पोचले आणि कुणी विचारलेले नसताना सांगून टाकले, "यंदा येळवस सोमवारी आलीय." तारीख होती ३० डिसेंबर २०२४. सोमवती अमावस्या म्हणून तो दिवस पुण्यातही अनेकांच्या लक्षात होता. पण येळवस म्हणून तो आमच्या वाघोलीच्या सोसायटीत कुणाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. मी "हो का" म्हणाले आणि डब्याच्या गडबडीत विसरून गेले. अण्णा विसरले नव्हते. संध्याकाळी खाली बाकावर बसणाऱ्या मंडळींना त्यांनी येळवस म्हणजे काय ते सविस्तर समजावून सांगितले होते, आणि रात्री सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर पहिला प्रश्न आला की, आपण हे इथे करायचे का?

वेळ अमावस्या हे छापील नाव. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत, शेजारच्या सोलापूरच्या काही भागात आणि सीमेपलीकडे बिदर-कलबुर्गीकडे बोलताना कुणी हे नाव घेत नाही. सगळे येळवसच म्हणतात. त्या दिवशी लातुरात जिल्हाधिकाऱ्यांची स्थानिक सुट्टी असते, आणि ती नसती तरी काही बिघडले नसते, कारण शहरात माणूसच उरत नाही. एरवी पाय ठेवायला जागा नसलेल्या गंजगोलाईत भर दुपारी दुकानांची शटरे ओढलेली असतात आणि गावाबाहेर जाणारा प्रत्येक रस्ता डोक्यावर गाठोडी घेतलेल्या माणसांनी, मोटारसायकलींनी आणि आता गाड्यांनीही भरून वाहत असतो. लोक देवळात जात नाहीत, नदीवर जात नाहीत. आपापल्या रानात जातात, तिथे जेवतात आणि दिवस मावळताना परततात.

याला सुगीचा सण म्हणतात खरे, पण त्यात थोडी गफलत आहे. त्या दिवसांत तूर काढणीला आलेली असते, हरभऱ्याला घाटे धरलेले असतात, ज्वारी कुठे पोटऱ्यात तर कुठे निसवलेली असते, आणि करडई अजून काट्यांच्या तयारीत असते. म्हणजे पदरात अजून काही पडलेले नसते. जे काही आहे ते उभे असते. माझी आजी बिदर जिल्ह्यातल्या भालकीकडची. ती म्हणायची, "भुई दिवसातली आहे, तिला खाऊ घालाया जायचं असतंय." तिच्या हिशेबी हे डोहाळजेवण होते, आणि ज्याचे डोहाळे पुरवायचे त्याच्याकडून त्याच दिवशी काही मागायचे नसते. आम्ही पोरे हरभऱ्याचा टहाळ उपटायला धावलो की ती ओरडायची, "आधी तिला जेवू द्या."

रानात ज्वारीच्या कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून त्यांचे शेंडे वर एकत्र बांधतात. त्या खोपटाला कोप म्हणतात. आत चुन्याने रंगवलेले पाच दगड मांडतात, ते पाच पांडव. त्यांच्यापुढे नैवेद्य ठेवतात. आणि तो नैवेद्य म्हणजे काय विचारू नका. ओल्या तुरीचे दाणे, सोलाणे, वाटाणा, वालाच्या शेंगा, शेंगदाणे, मेथी, कांद्याची पात, गाजर, वांगे आणि कोवळी चिंच असे त्या हंगामात हाताला लागेल ते सारे आंबट ताकात कालवलेल्या डाळीच्या पिठात शिजवलेली भज्जी, वाफवलेले बाजरीचे उंडे, गूळ घातलेली गव्हाची खीर, तिळाच्या पोळ्या, आणि मातीच्या बिंदग्यात आंबील. पूजा झाली की घरातला कर्ता पुरुष तो बिंदगा घेऊन रानाच्या कडेकडेने निघतो आणि पिकावर आंबील शिंपडत जातो. यालाच चर शिंपणे म्हणतात. पुढचा "ओलगे ओलगे" अशी हाळी देतो आणि मागची पोरे "सालम पोलगे" म्हणून साथ धरतात. गावागणिक या शब्दांचे उच्चार बदलतात. अर्थ मात्र आमच्या गावात कुणाला ठाऊक नव्हता आणि तो विचारावा असेही कुणाला वाटले नव्हते.

इथे एक गोष्ट सांगून टाकायला हवी, कारण या सणाच्या कौतुकात ती नेहमी गळते. दुपारी रानात जो थाट दिसतो त्यामागे घरातल्या बायकांची अख्खी रात्र असते. माझी आई आदल्या दिवशी तिन्हीसांजेपासून सोलाणे सोलत बसायची आणि पहाटे दोनला चूल पेटवायची. रानात पोचल्यावर तिचे पहिले काम वाढणे आणि शेवटचे काम भांडी गोळा करणे. बिंदगा तिच्या हातात कधी आला नाही. लहानपणी मी एकदा तो मागितला होता, तेव्हा अण्णा हसले होते आणि आई हसली नव्हती.

येळवशीचा आणखी एक रिवाज आहे, आणि मला तो या साऱ्या सणाचा कणा वाटतो. ज्याला रान नाही त्याला त्या दिवशी घरी राहू द्यायचे नाही. गावातले शिक्षक, दवाखान्यातली नर्स, बँकेत बदली होऊन आलेला कारकून, गावातलीच भूमिहीन माणसे अशा सगळ्यांना चार-चार ठिकाणची आमंत्रणे असत. एका रानात जेवून उठले की बांध ओलांडून पुढच्या रानात दोन घास खावेच लागत. माझ्या शाळेतले एक गुरुजी सांगत की वर्षातला हा एकच दिवस आपल्याला जमीन नसल्याचा फायदा होतो. म्हणजे येळवशीला माणसे दोनच प्रकारची असतात, रान असलेली आणि बोलावलेली. तिसरा प्रकार नसतो.

अण्णा २०१८ पर्यंत पहिल्या प्रकारात होते. निलंगा तालुक्यातले आमचे रान मोठे नव्हते, विहीर उन्हाळ्यात तळ दाखवायची, तरी होते. त्या रानातली मला सगळ्यात स्पष्ट आठवणारी येळवस दुष्काळातली आहे. २०१६चा जानेवारी होता. परतीचा पाऊस झाला नव्हता, रब्बीची पेरणी झालीच नव्हती, आणि कडबा इतका दुर्मीळ झाला होता की कोप करण्याइतका कडबा बैलांच्या तोंडचा काढून घ्यायला अण्णांचे मन होईना. त्यांनी तुरीच्या वाळक्या काड्यांची गुडघाभर उंचीची कोप केली. आईने भज्जी केली, पण तिच्यातले निम्मे जिन्नस बाजारातून आणलेले होते. जेवणाआधी अण्णा बिंदगा घेऊन निघाले आणि नांगरटीच्या कोरड्या ढेकळांवर आंबील शिंपत बांधाबांधाने पूर्ण फेरी घालून आले. मी मागे होते. आंबील पडली की ढेकूळ क्षणभर काळे व्हायचे आणि बघता बघता पुन्हा पांढरे पडायचे. हाळीला साथ द्यायला पोरे नव्हती, तेव्हा ते स्वतःच हाळी द्यायचे आणि स्वतःच साथ धरायचे. त्याच वर्षी १२ एप्रिलला मिरजेहून सुमारे साडेतीनशे किलोमीटरचा प्रवास करून पाण्याची पहिली रेल्वे लातुरात आली आणि सगळ्या देशाने ती टीव्हीवर पाहिली. माझ्या डोळ्यांपुढे मात्र ते काळे-पांढरे होणारे ढेकूळच राहिले आहे.

दोन वर्षांनी रान विकले. कारणे नेहमीचीच, ती सांगत बसत नाही. त्यानंतर दर येळवशीला अण्णांना गावातून तीन-चार आमंत्रणे यायची. त्यांतले एक तर ज्यांनी आमचे रान घेतले त्यांचेच असायचे. अण्णा एकदाही गेले नाहीत. कधी गुडघे दुखत, कधी बँकेत काम निघे. लोक रीत पाळून बोलावत होते, त्यात खोट नव्हती; पण साठ वर्षे ज्याने दुसऱ्यांना हाताला धरून आपल्या कोपीपाशी बसवले त्याला स्वतः पानावर बसवून घेणे जमत नव्हते. आई गेल्यावर २०२२ साली ते माझ्याकडे पुण्याला आले.

आता सोसायटी. आमच्या गटावर चर्चा झाली की ती तीन विषयांवर होते: पार्किंग, पाण्याचा टँकर आणि कुत्री. त्यामुळे येळवशीबद्दल चाळीसेक संदेश आले तेव्हा मला आधी शंका आली. पण लोकांना खरोखरच उत्सुकता होती. दिवाळी, गणपती, होळी सगळ्यांच्या सगळीकडे सारख्याच होतात. हे काहीतरी वेगळे होते आणि त्यात चटईवर बसून जेवण होते. अडचण वाराची होती. सोमवारी लोकांना कामावर जायचे होते, म्हणून समितीने रविवार ठरवला. अण्णा म्हणाले, "ऐतवारी चौदस आहे." सचिव नम्रपणे म्हणाले, "काका, एका दिवसाने काय होतं?" अण्णा गप्प बसले. मला ती शांतता ओळखीची होती. रानाच्या कागदावर सही करताना ते असेच गप्प होते.

दुसरा वाद जेवणाचा झाला. केटररला सांगू या, असे पुरुषमंडळींनी सुचवले. मी त्याच्या बाजूने होते, आईच्या रात्री आठवून. पण भज्जी कुठल्याच केटररला माहीत नव्हती, आणि 'मिक्स व्हेज बेसन' अशा नावाखाली जो नमुना एकाने पाठवला तो पाहून मीच पदर खोचला. अट मात्र घातली की सोलाणे पुरुषांनी सोलायचे. शनिवारी संध्याकाळी क्लब हाऊसमध्ये सहा पुरुष गोल करून घाटे फोडत बसले होते. त्यांतला एक संगणक अभियंता तासाभराने बोटांच्या हिरव्या झालेल्या शेंड्यांकडे बघत म्हणाला, "ह्या एवढ्याच होतात?" वाटीभर झाल्या होत्या. उरलेले आम्ही मंडईतून सोललेले आणले, पण ती वाटी मी वेगळी ठेवली आणि सगळ्यात शेवटी भज्जीत घातली.

आंबिलीची कथा वेगळी झाली. ज्वारीचे पीठ शिजवून, गार करून, त्यात ताक, लसूण, जिरे, आले घालून मी बिंदगा तोंडाला फडके बांधून क्लब हाऊसच्या ओट्यावर ठेवला होता. रात्रभरात ती जरा चढायला हवी. एका काळजीवाहू शेजारणीला ते नासेल असे वाटले आणि तिने बिंदगा फ्रिजमध्ये सरकवला. सकाळी अण्णांनी ओंजळीत घेऊन चव पाहिली आणि म्हणाले, "निजलीय अजून." मग तो बिंदगा उन्हात ठेवून तिला उठवण्यात दोन तास गेले.

रविवार एकंदरीत छान झाला, हे मान्य करायला हवे. निलंग्याहून चुलतभावाने रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीतून कडब्याच्या पाच पेंढ्या पाठवल्या होत्या. त्या लिफ्टजवळ उभ्या दिसल्यावर मुलांनी त्यांना ऊस समजून एक धाट चावूनही पाहिले. हिरवळीवर कोप उभी राहिली. पाच पांडव अण्णांनी शेजारच्या बांधकामाच्या ढिगातून निवडून आणले. साठ-पासष्ट माणसे जेवली, काहींनी भज्जी तीनदा घेतली, कोपीपुढे फोटो निघाले. संध्याकाळी रानात पेटता हेंडगा पिकाभोवती फिरवतात, तो विषय मी काढलाच नाही; दिवाळीतल्या एका बाणाने कुणाच्या तरी बाल्कनीतला पडदा जळाल्यापासून आमची समिती काडेपेटीलाही परवानगी मागायला लावते. चर शिंपण्याची वेळ आली तेव्हा सगळे अण्णांकडे बघू लागले. ते म्हणाले, "ते उद्या." आणि बिंदग्याचे फडके पुन्हा बांधून टाकले.

त्या पंगतीत सातव्या मजल्यावरच्या बाई आल्या होत्या, हातात टोपलीभर भाकऱ्या घेऊन. बाजरीच्या कडक, पातळ, वर तीळ थापलेल्या. त्या कलबुर्गीच्या. वीस वर्षे पुण्यात राहून त्यांचे मराठी उत्तम झाले आहे, फक्त वाक्याच्या शेवटी सूर थोडा कानडी वळण घेतो. त्यांनी टोपली ठेवली आणि म्हणाल्या, "ही आमची सज्जे रोट्टी. तुमची येळवस म्हणजे आमची एळ्ळु अमावास्ये. मला वाटलं, पुण्यात कुणालाच माहीत नाही." मग त्यांनी सांगितले की त्यांच्याकडेही रानात जातात, पिकात नैवेद्य उधळतात आणि त्याला 'चरग' म्हणतात. आमचा 'चर' इतकी वर्षे मला मराठीच वाटत होता. मी त्यांना आमची हाळी म्हणून दाखवली, तर त्या हसूच लागल्या. त्यांच्याकडची 'हुल्लुल्लिगो'ने सुरू होते, चाल तीच. "आणि होळिगे म्हणजे पोळी," त्या म्हणाल्या. "तुमच्या ओलगेत मला तर पोळीच ऐकू येते." चाळीस वर्षे घसा फोडून मी कुणाच्या तरी भाषेत पोळीला हाका मारत असेन, ही कल्पना मला फार आवडली. तसे त्यात नवल नाही. १९५६ साली राज्यांची भाषेनुसार फेररचना होईपर्यंत आमचा निलंगा तालुका बिदर जिल्ह्यातच होता. माणसांनी रेघ नकाशावर ओढली, सण आपल्या जागी राहिला.

नावावरून मात्र अण्णांचे आणि त्यांचे जुंपले. बाईंचे म्हणणे, एळ्ळु म्हणजे तीळ, तिळाची अमावस्या, म्हणून तर रोट्टीवर तीळ. अण्णांनी मान हलवली. त्यांना त्यांच्या वडिलांनी सांगितलेले पक्के होते. त्यांनी हाताची बोटे मोडायला सुरुवात केली, "जेष्ठ, आषाढ, श्रावण, भादवा, अश्विन, कार्तिक, मार्गशीर्ष. पावसाळा लागल्यापासनं सातवी अमावस्या. कानडीत साताला काय म्हणता?" बाई म्हणाल्या, "एळु." अण्णा विजयी मुद्रेने माझ्याकडे वळले. बाई म्हणाल्या, "पण ते एळु, काका. हे एळ्ळु. जोडाक्षर आहे." एका ळ-वर गाडी अडली. भोवतीच्या पाच-सहा जणांनी दोन्ही उच्चार करून पाहिले, आणि कुणालाच फरक करता येईना.

सोमवारी पहाटे सहाला अण्णा आंघोळ करून, धुतलेले धोतर नेसून, खांद्यावर घोंगडी टाकून दारात उभे होते. थंडी चांगलीच होती. मी स्वेटर चढवला आणि बिंदगा उचलला. लिफ्टमधून उतरलो तर खाली बाई आधीच येऊन बसल्या होत्या. त्यांना कुणी बोलावले नव्हते, म्हणजे मी तरी नाही. अण्णांनी आदल्या दिवशी केव्हातरी सांगून ठेवले असावे, कारण ते त्यांना बघून म्हणाले, "आलात, बरं झालं. रान नसलेल्या माणसानं घरी बसू नये." हे सांगण्याचा आवाज मी सहा वर्षांत ऐकला नव्हता.

फेरी कुठून सुरू करायची हा प्रश्न होता, कारण सोसायटीला बांध नाही, कंपाउंडची भिंत आहे. अण्णांनी गेटपासून सुरुवात केली आणि भिंत उजव्या हाताला ठेवत चालू लागले. आंब्याच्या डहाळीने ते आंबील शिंपत होते. जास्वंदीवर शिंपली, शोभेच्या पामवर शिंपली, ओल्या कचऱ्याच्या खड्ड्यावर जरा जास्तच शिंपली. "हिथली हीच काय ती काळी माती," ते म्हणाले. हाळी त्यांनी हळूच दिली, लोक झोपले होते म्हणून. साथ मी आणि बाईंनी धरली, मी माझ्या शब्दांत, त्यांनी त्यांच्या. दोन्ही एकत्र बरे वाटत होते. मागच्या बाजूला पोचल्यावर अण्णा थांबले. तिथे भिंतीपलीकडे मोकळा प्लॉट आहे. काम सुरू होईपर्यंत कुणीतरी त्यात दोन-तीन गुंठे हरभरा टाकला होता, घाटे धरलेला. पलीकडच्या कोपऱ्यात येऊ घातलेल्या इमारतीचा फलक होता. अण्णांनी भिंतीवरून वाकून पाहिले, डहाळी माझ्याकडे दिली आणि म्हणाले, "माझा हात पोचत नाही. तू शिंप."

मी बिंदगा कडेवर घेतला, पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर चढले आणि डहाळी बुडवून भिंतीपलीकडे झटकली. थेंब हरभऱ्यावर पडलेले दिसले नाहीत, अजून पुरते उजाडले नव्हते. पण दव धरलेल्या पानांवर काहीतरी पडल्याचा बारीक आवाज आला. खालून अण्णांनी हाळी दिली. या वेळी मोठ्याने. चौथ्या मजल्यावरचा एक दिवा लागला. मी पुन्हा डहाळी बुडवली.

बिंदग्यात तळाला थोडी आंबील उरली होती. ती आम्ही तिघांनी तिथेच कट्ट्यावर बसून, ओंजळीतून प्यायलो. आता ती नीट चढली होती. लिफ्टमध्ये शिरल्यावर बाईंनी आमच्या मजल्याचे बटण दाबले, मग स्वतःचे दाबताना बोट तसेच बटणावर ठेवून अण्णांकडे बघितले आणि म्हणाल्या, "एळु, काका."

"हेच तर मी कालपासनं सांगतोय," अण्णा म्हणाले.